मृत्युपत्र कुणाच्या हाती सोपवायचं?

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत मी अकरा वर्षं सचिव होतो. सभासद वारल्यावर शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलण्याची बरीच प्रकरणं त्या काळात हाताखालून गेली. त्यातलं एक अजून डोक्यातून जात नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. त्यांनी मृत्युपत्र अगदी रीतसर केलं होतं. चार पानं टाइप केलेली, प्रत्येक पानाखाली सही, दोन साक्षीदार, फॅमिली डॉक्टरचा दाखला जोडलेला, दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झालेली. घर कुणाला, ठेवी कुणाला, दागिने कुणाकडे, गावच्या जमिनीतला हिस्सा कुणाचा, सगळं लिहिलेलं. तेरावं झाल्यावर त्यांची मुलगी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून ते घेऊन माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "काका, एक्झिक्युटर म्हणून बाबांनी ऑफिसातल्या मित्राचं नाव घातलंय. डोंबिवलीला फोन लावला तर त्यांची सून म्हणाली, ते गेल्या दिवाळीतच गेले."

तो मित्र वयाने त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा होता. मृत्युपत्रात दुसरं नाव नव्हतं. मग वकील, हायकोर्टात अर्ज, सगळ्या वारसांची संमतिपत्रं, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. धाकटा मुलगा परदेशात, त्याची कागदपत्रं तिथल्या भारतीय वकिलातीतून करून आणायची. याला जवळजवळ तीन वर्षं गेली. त्याच काळात आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. तिसऱ्या मजल्याच्या त्या घराच्या करारावर सही कुणी करायची, बिल्डरकडून येणारं भाडं कुणाच्या खात्यात जमा करायचं, हे ठरेना. त्या गृहस्थांच्या पत्नी, आमच्या वहिनी, जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "आमचं काही झालं का हो?" माझ्याकडे उत्तर नसायचं.

मृत्युपत्राबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते 'कुणाला काय' एवढ्यापुरतं. 'कुणाच्या हातून' हा प्रश्न शेवटच्या ओळीत उरकला जातो. टायपिस्ट विचारतो, "एक्झिक्युटर कोण टाकू?" आणि समोरचा माणूस क्षणभर थांबून जे नाव आठवेल ते सांगतो. माझं ठाम मत असं झालंय की मृत्युपत्रात सगळ्यात जास्त विचार करून लिहायचं नाव हेच. मुंबईच्या उपनगरांत तर ते आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय. त्याचं कारण थोड्या वेळाने सांगतो.

आधी एक्झिक्युटर म्हणजे कोण ते पाहू. मराठी दस्तांत त्याला 'व्यवस्थापक' लिहितात, सरकारी भाषेत 'निष्पादक', बोलताना सगळे एक्झिक्युटरच म्हणतात. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २११ प्रमाणे मृताची मालमत्ता एक्झिक्युटरच्या हाती येते. ती त्याची होत नाही, पण त्याच्यामार्फत पुढे जाते. त्याने ती गोळा करायची, येणी वसूल करायची, अंत्यविधीचा खर्च भागवायचा, देणी फेडायची आणि उरलेलं मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे ज्याचं त्याला द्यायचं. हा क्रम कायद्याने घालून दिलेला आहे. देण्यांच्या आधी कुणाला वाटा देता येत नाही. वाटा पूर्ण होण्यासाठी एक्झिक्युटरची संमती लागते, आणि मृत्यूनंतर एक वर्ष होईपर्यंत वाटे द्यायची सक्ती त्याच्यावर नसते. सगळी देणी समोर यायला तेवढा वेळ लागतो, असा त्यामागचा हिशेब आहे.

हे कागदावर चार ओळींत मावतं. प्रत्यक्षात काय असतं ते आमच्या भागातलं सांगतो. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून मृत्यूच्या दाखल्याच्या वीसेक प्रती आणायच्या, कारण प्रत्येक दारावर एक ठेवून घेतात. आधार, पॅन, रेशनकार्ड, मोबाइल नंबर. मोबाइल मात्र लगेच बंद करायचा नाही, सगळ्या खात्यांचे ओटीपी त्यावरच येतात. विजेचं मीटर मुलुंडला महावितरणचं, अंधेरीला दुसऱ्या कंपनीचं, नाव बदलायचे अर्ज वेगळे. स्टेशनजवळच्या बँकेतलं लॉकर, पोस्टातली बचतपत्रं, कुठल्या तरी पतपेढीतली विसरलेली ठेव, एलआयसीच्या पॉलिसी. कागदी शेअर असले आणि सात वर्षं लाभांश उचललेला नसला, तर ते शेअर गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे गेलेले असतात. तिथून परत आणणं हे स्वतंत्र काम. रत्नागिरीकडे जमीन असेल तर सातबारा आणि फेरफार, म्हणजे तलाठ्याकडे दोन-तीन खेपा ठरलेल्या. शिवाय मृताचं शेवटचं आयकर विवरणपत्र, आणि वाटप पूर्ण होईपर्यंत मालमत्तेतून येणाऱ्या उत्पन्नाचं वेगळं विवरणपत्र. हे सगळं भरायची जबाबदारी एक्झिक्युटरची. हे काम मानाचं खरं, पण ते पायांनी करावं लागतं. माणूस निवडताना कुणाचं मन मोठं हे आपण बघतो. गुडघे कुणाचे चालतात, हेही बघायला हवं.

आता ते कारण. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे राहणाऱ्या हिंदू माणसाने मृत्युपत्र केलं, तर अगदी अलीकडेपर्यंत त्याला हायकोर्टाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब, लागायचं. नाक्यापलीकडे ठाण्यात राहणाऱ्या माणसाने केलं आणि त्याची सगळी मिळकत ठाण्यातच असली, तर लागायचं नाही. दहिसर आणि मीरा रोडच्या मधे हीच रेघ होती. ब्रिटिश काळात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांतल्या हायकोर्टांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्राला जोडून हा नियम आला. बृहन्मुंबईच्या सीमा वाढल्या तसा तो अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंडपर्यंत येऊन पोचला. कलम २१३ म्हणायचं की प्रोबेट मिळाल्याशिवाय एक्झिक्युटरला किंवा मृत्युपत्रावरून वाटा मागणाऱ्याला कुठल्याही कोर्टात आपला हक्क शाबीत करता येणार नाही. मुसलमान आणि भारतीय ख्रिस्ती यांना ते लागू नव्हतं. हिंदू, जैन, शीख, बौद्ध आणि पारशी यांना होतं. एकाच मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांना दोन नियम होते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायदा केला आणि कलम २१३ काढून टाकलं. प्रोबेटची सक्ती गेली. मागायचं तर अजून मागता येतं, कोर्ट अजून देतं, पण ते आता ऐच्छिक आहे. आमच्या भागातल्या कितीतरी कुटुंबांना याने हायसं वाटलं, आणि ते योग्यच आहे. प्रोबेटच्या कोर्ट फीला महाराष्ट्रात ७५ हजारांची कमाल मर्यादा आहे, पण वकिलाची फी आणि गेलेली वर्षं यांना मर्यादा नव्हती.

मात्र प्रोबेटबरोबर आणखी एक गोष्ट बाजूला झाली आहे. तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. प्रोबेट घेतलेल्या एक्झिक्युटरला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात सादर करावा लागतो. कलम ३१७ तसं सांगतं. हे पाळलं किती जातं हा वेगळा प्रश्न, पण डोक्यावर कोर्ट आहे याची जाणीव असायची. प्रोबेटच घेतलं नाही तर ही यादी कुणापुढे जाणार? मृत्युपत्र खरं की खोटं, ते शेवटचं की त्यानंतर आणखी एक आहे, हे तपासणारा न्यायाधीश मधे नाही. बँकेचा मॅनेजर, सोसायटीचा सचिव, म्युच्युअल फंडाचा कारकून यांच्यापुढे उभा राहतो तो एक्झिक्युटर. त्याचा शब्द, त्याची सचोटी आणि त्याची वही यांवर सगळं येऊन ठेपलं आहे. सक्ती गेल्यामुळे त्याचं ओझं वाढलं. म्हणून ज्याला ते उचलता येईल असाच माणूस हवा.

मी स्वतः सचिव होतो म्हणून सांगतो, सोसायटीची कमिटी घाबरलेली असते. उद्या दुसरा वारस दारात आला तर? २०१९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात कलम १५४ब-१३ आलं. त्याप्रमाणे मृत्युपत्र, वारस दाखला, कौटुंबिक व्यवस्थेचा लेख यांच्या आधारे घर हस्तांतरित करता येतं, आणि तोवर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेता येतं. त्यातला 'तात्पुरता' हा शब्द पुष्कळांना माहीतच नसतो. "माझं नाव नॉमिनेशनमध्ये आहे, म्हणजे घर माझं," असं ठासून सांगणारे किती तरी लोक मी बघितलेत.

या समजुतीचा निकाल ज्या खटल्यात लागला तो एका मराठी घरातला आहे. 'कालनिर्णय'चे जयंत साळगांवकर २० ऑगस्ट २०१३ रोजी गेले. त्यांनी जून २०११ मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं. पण काही कोटींच्या मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड त्या मृत्युपत्रात नव्हते, त्यांवर नॉमिनी मात्र होते. ते पैसे नॉमिनींचे की सगळ्या वारसांचे, यावर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लागला. २०१५ मध्ये एकल न्यायाधीशांनी निकाल दिला, २०१६ मध्ये खंडपीठाने, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. शेअर आणि सिक्युरिटींचा नॉमिनी मालक होत नाही, उत्तराधिकाराचाच कायदा लागू होतो. दहा वर्षं लागली. ज्या घराच्या पंचांगावर लाखो घरांच्या तारखा ठरतात, त्या घरालाही हा प्रश्न चुकला नाही.

यातून एक्झिक्युटरच्या निवडीला दोन गोष्टी जोडून घ्यायच्या. एक, मृत्युपत्राच्या शेवटी 'वर उल्लेख न केलेली माझी इतर सर्व स्थावर-जंगम मिळकत' अमुक व्यक्तीला, असं एक वाक्य हवंच. दुसरी, नॉमिनी आणि एक्झिक्युटर शक्यतो एकमेकांचे विरोधक असू नयेत. बँक पैसे नॉमिनीला देते. एक्झिक्युटरने मग ते नॉमिनीकडून मागून वाटायचे. नॉमिनी थोरला आणि एक्झिक्युटर धाकटा असेल तर हे मागणं घरातल्या घरात किती जड जातं, ते सांगायला नको.

मग निवडायचं कुणाला?

मित्र हे सगळ्यात सोपं उत्तर, आणि बहुतेक वेळा सगळ्यात चुकीचं. आपला मित्र आपल्याच वयाचा असतो. आपण गेल्यावर तो असलाच तर तो ऐंशीच्या पुढचा असेल. माझा साधा नियम आहे: एक्झिक्युटर आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी तरी लहान हवा. आल्फ्रेड नोबेल १८९६ मध्ये गेला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रातला मुख्य एक्झिक्युटर राग्नार सोलमन अवघा सव्वीस वर्षांचा होता, त्याच्या प्रयोगशाळेतला सहायक. नातेवाईक नाराज, संपत्ती अनेक देशांत विखुरलेली, बक्षिसं देणारी संस्था अजून जन्माला यायची होती. पॅरिसमधली रोख्यांची कागदपत्रं त्याने घोडागाडीतून, जवळ पिस्तूल बाळगून हलवली. पहिली पारितोषिकं १९०१ मध्ये दिली गेली. नोबेलने सोलमनऐवजी आपल्या वयाचा एखादा प्रतिष्ठित बँकर नेमला असता तर त्या पाच वर्षांतली धावपळ कुणी केली असती?

थोरला मुलगा हे दुसरं ठरलेलं उत्तर. एकच अपत्य असेल किंवा सगळं एकालाच द्यायचं असेल तर त्यात काही चूक नाही. वाटे तीन आणि त्यातल्या एकाच्याच हाती तराजू, असं असेल तर मात्र विचार करावा. मुलगा प्रामाणिक असूनही बहिणीच्या मनात शंका येते, आणि ती शंका त्याला आयुष्यभर पुसावी लागते. अशा वेळी त्याच्याबरोबर बाहेरचा एक माणूस नेमावा, एखादा भाचा, मेहुणा, शेजारचा निवृत्त बँकवाला. कायद्याप्रमाणे अनेक एक्झिक्युटर असतील आणि मृत्युपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल, तर त्यांच्यापैकी कुणीही एकजण प्रोबेटनंतर सगळ्यांचे अधिकार वापरू शकतो. म्हणून दोघांनी मिळूनच सही करायची असेल तर तसं स्पष्ट लिहावं. आणि मुलगा न्यू जर्सीत असेल तर पायांनी करायचं काम तो तिथून कसं करणार? मुखत्यारपत्र देता येतं, पण मग मुखत्यारच खरा एक्झिक्युटर होतो. त्यापेक्षा त्या माणसाचंच नाव लिहिलेलं बरं.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. आमच्या भागात आजारपणात दवाखान्यात कोण बसतं, औषधं कोण आणतं, बँकेत सोबत कोण जातं? ऐरोलीला किंवा ठाण्याला दिलेली मुलगी. बाबांची सगळी खाती तिला तोंडपाठ असतात. मृत्युपत्रात मात्र एक्झिक्युटर म्हणून बंगळुरूच्या मुलाचं नाव. मी हे इतक्यांदा बघितलंय की आता मृत्युपत्र दाखवायला कुणी आलं, तर मी आधी विचारतो, "ताईचं नाव का नाही घातलं?" बहुतेकांकडे उत्तर नसतं, कारण प्रश्नच कधी मनात आलेला नसतो.

वकील किंवा सीए नेमायला हरकत नाही, पण दोन गोष्टी पाहाव्यात. स्टेशन रोडवर एकटाच बसणारा वकील उद्या नसला तर त्याची फाइल कुणाकडे जाईल? आणि फी. एक्झिक्युटरला आपोआप पगार मिळत नाही. कमिशन घ्यायचंच झालं तर ते ॲडमिनिस्ट्रेटर जनरल या सरकारी अधिकाऱ्याच्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही. काय द्यायचं ते मृत्युपत्रातच लिहिलेलं बरं. घरच्या माणसालाही काही रक्कम ठेवावी असं मला वाटतं. ती त्याच्या नावाने लिहिली आणि त्याने एक्झिक्युटर म्हणून काम करायलाच नकार दिला, तर कलम १४१ प्रमाणे त्याला ती मिळत नाही. यात कायद्याने माणुसकीचा हिशेब ठेवला आहे.

साक्षीदार आणि एक्झिक्युटर एकच असला तर कायदा अडवत नाही, पण ते टाळावं. मरोळच्या किंवा आयसी कॉलनीतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी, आणि पारशी कुटुंबांनी, एक गोष्ट जास्त लक्षात ठेवायची. ज्याला वाटा दिला त्याने, किंवा त्याच्या नवऱ्याने-बायकोने, साक्षीदार म्हणून सही केली तर तो वाटा रद्द होतो. हिंदूंना हे कलम ६७ लागू नाही.

आणि संस्था? हे आजचं फॅड नाही. मुंबईत सोराबजी पोचखानवाला यांच्या सेंट्रल बँकेने १९२९ मध्येच एक्झिक्युटर आणि ट्रस्टी म्हणून काम करणारी शाखा उभी केली होती. आज काही बँकांच्या ट्रस्टी कंपन्या हे काम फी घेऊन करतात. मालमत्ता मोठी असेल, वारस एकमेकांशी बोलत नसतील किंवा सगळे परदेशात असतील, तर संस्था बरी. ती मरत नाही आणि तिला कुणाचा राग येत नाही. दोन बेडरूमचं घर आणि थोड्या ठेवी एवढ्यासाठी मात्र ती महाग पडते. आणि वहिनींनी जिन्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला संस्थेतून कुणी येत नाही.

आता विश्वस्त. एक्झिक्युटर आणि विश्वस्त ही दोन कामं आपण एकाच वाक्यात लिहून टाकतो, पण त्यांची जात वेगळी आहे. एक्झिक्युटरचं काम वाटप झालं की संपतं. विश्वस्ताचं काम तिथून सुरू होतं आणि वीस, तीस, कधी चाळीस वर्षं चालतं. मालमत्ता कुणाला लगेच द्यायची नसेल, कुणासाठी जपून ठेवायची असेल, तर विश्वस्त लागतो. नातवाच्या शिक्षणासाठी पैसे. दुसऱ्या लग्नाची बायको हयात असेपर्यंत घरात राहणार आणि नंतर घर पहिल्या बायकोच्या मुलांचं. आणि सगळ्यात जास्त काळजीचं, आई-वडलांनंतर स्वतःचं बघू न शकणारं मूल.

घाटकोपरच्या एका बाईंनी मला एकदा त्यांच्या मुलाची वही दाखवली. तिशीच्या पुढचा, सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा. वहीत त्याला कोणती बिस्किटं आवडतात, झोपेच्या आधी रेडिओ किती वाजता लावायचा, कुठल्या फिजिओथेरपिस्टच्या हाताला तो घाबरत नाही, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "पैसे ठेवलेत हो. पण ही वही वाचणारं कोण असेल?" मला त्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात सापडला नाही.

त्यांच्यासारख्यांनी दोन माणसं वेगळी ठेवावीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे. हा पालक मुलाजवळ राहील. पैसे मात्र विश्वस्ताच्या हाती असावेत, आणि पालक व विश्वस्त एकच माणूस नसावा. पालकाने वहीप्रमाणे खर्च मागावा, विश्वस्ताने तो द्यावा आणि लिहून ठेवावा. दोघांनी एकमेकांकडे लक्ष ठेवावं. दोघंही चांगले असले तरी.

१८८२ चा भारतीय न्यास कायदा विश्वस्ताला बऱ्याच बाबतींत घट्ट बांधतो. स्वतःचा पैसा सांभाळणारा शहाणा माणूस जितकी काळजी घेईल तितकी त्याने घ्यायची. न्यासाची मालमत्ता विकायचं काम त्याच्याकडे असेल तर ती त्याने स्वतः विकत घ्यायची नाही. मोबदला मृत्युपत्रात लिहिलेला नसेल तर मागायचा नाही. आणि एक्झिक्युटरच्या उलट, विश्वस्त अनेक असले तर सगळ्यांनी मिळूनच निर्णय घ्यायचा, मृत्युपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर. हे कलम ४८ लक्षात न घेता लोक 'आदर म्हणून' पाच विश्वस्त नेमतात, त्यातले दोन परदेशात. मग मुदत ठेवीच्या नूतनीकरणासाठीसुद्धा पाच सह्या. तीन पुरेत. त्यातला एक तरी मुलाहून फार मोठा नसलेला, आणि मधेच कुणी गेला तर उरलेल्यांनी नवा कसा नेमायचा हे लिहून ठेवलेलं. मृत्युपत्रातून केलेल्या न्यासाला वेगळ्या नोंदणीची गरज नसते.

एक्झिक्युटर नेमला म्हणून वाद टळतातच असं नाही. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी गेले. डिसेंबर २०११ मधल्या त्यांच्या मृत्युपत्राच्या प्रोबेटचा अर्ज हायकोर्टात आला, मुलगा जयदेव यांनी विरोध केला आणि अर्जाचा दावा झाला. मृत्युपत्राचे साक्षीदार असलेले डॉ. जलील पारकर यांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून उत्तरं द्यावी लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये जयदेव यांनी माघार घेतली, तोवर सहा वर्षं लोटली होती. साक्षीदारही एक्झिक्युटरसारखाच बघून निवडावा लागतो, हे त्या प्रकरणाने दाखवलं. वर्षानुवर्षांनी उलटतपासणी झाली तरी ज्याचं म्हणणं टिकेल, असा.

एक्झिक्युटरला अडचण आली तर कोर्टाकडे जाण्यात कमीपणा नाही. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले. त्यांच्या मृत्युपत्राच्या एका पुरवणीतल्या शब्दांवरून काही शेअर नेमके कुणाला जातात, हा प्रश्न एक्झिक्युटरांनी स्वतःच हायकोर्टापुढे ठेवला. जून २०२५ मध्ये कोर्टाने अर्थ लावून दिला. जे सांगितलेलं नाही ते स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही, विचारायचं. चांगल्या एक्झिक्युटरची ही खूण आहे.

आणि नेमका असा माणूस नसला तर काय होतं, याचं महाराष्ट्राला चटका लावणारं उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांच्या कागदांचं आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेल्यानंतर त्यांची हस्तलिखितं दिल्ली हायकोर्टाच्या कस्टोडियनच्या ताब्यात गेली, नंतर महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आली. पेट्या बंद राहिल्या. नागपूरच्या एका वकिलाने ते लेखन प्रसिद्ध करू द्या किंवा सरकारला करायला सांगा, अशी मागणी घेऊन हायकोर्टात दाद मागितली. वसंत मून यांच्या संपादनाखाली राज्य सरकारने खंड काढायला सुरुवात केली ती १९७९ मध्ये. त्या पेट्यांमधलं अप्रकाशित लेखन वाचकांपर्यंत पोचायला १९८७ उजाडलं. तीस वर्षं. पैशांचा वाटा उशिरा मिळाला तर एक घर सोसतं. तिथे सगळा देश वाट बघत राहिला. लेखक, कलावंत, अभ्यासक यांनी आपल्या वह्या, फोटो, ध्वनिमुद्रणं, ईमेलचे पासवर्ड यांच्यासाठी वेगळा एक्झिक्युटर नेमावा, असं मी म्हणतो ते यासाठी.

मृत्युपत्रात एक्झिक्युटरबद्दल नेमकं काय लिहावं, हे वकील सांगेल. पण त्याच्याकडे जाताना मनात इतकं असू द्या. पहिलं नाव, ते नसलं किंवा त्याने नाकारलं तर दुसरं, तेही नसलं तर तिसरं. घर विकायचा आणि रिडेव्हलपमेंटच्या करारावर सही करायचा अधिकार स्पष्ट शब्दांत. मालमत्तेची यादी सहा महिन्यांत आणि हिशेब वर्षाच्या आत सर्व वारसांना लेखी द्यायचा, अशी अट. कोर्ट आता मागणार नसेल तर तुम्ही मागा. मूळ मृत्युपत्र कुठे आहे ते एक्झिक्युटरला माहीत असावं. हवं तर बंद पाकिटात निबंधकांकडे ठेवता येतं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही, पण नोंदणी करून घेतलेली बरी.

आणि त्याला विचारलेलं असावं. हे मी शेवटी लिहितोय, पण ते सगळ्यात आधी करायचं आहे. एक्झिक्युटरला नकार द्यायचा हक्क आहे. मात्र एकदा त्याने मालमत्तेत हात घातला की मागे फिरणं कठीण होतं. त्याने आधीच नकार दिलेला बरा. त्याला बोलवा, चहा द्या, यादी दाखवा, घरातली अवघड गोष्ट असेल तर तीही सांगा. तो "विचार करून सांगतो" म्हणाला तर त्याला वेळ द्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आता नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतात. घर त्यांच्या नावावर झालं, पण अडकलेल्या भाड्याची शेवटची रक्कम ताबा मिळाल्यानंतर वर्षाने आली. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र केलं. एक्झिक्युटर म्हणून मुलीचं नाव, तिच्यानंतर जावयाच्या धाकट्या भावाचं. दोघांना आधी घरी जेवायला बोलावून विचारलं. तुमच्याही कपाटात मृत्युपत्र असेल. आज ते काढा, शेवटच्या पानावरचं नाव वाचा आणि त्या माणसाला फोन करा.